पुण्याला दाखवून आणलं, पुढं काय?

बारामती-इंदापूर भागात मूल इतरांसारखं पुढं सरकत नाही असं वाटायला लागलं, की घरातला निर्णय बहुतेक ठरलेला असतो: पुण्याला दाखवून आणू. गुडघा दुखला तरी पुणं, किडनीत खडा झाला तरी पुणं, आणि तिसरीतल्या पोराला वाचता येईना तरी पुणंच. पहाटे निघायचं, शंभर-सव्वाशे किलोमीटर तुडवायचे, नंबर लावायचा आणि दिवस मावळायला फाईल घेऊन माघारी यायचं. गुडघ्याच्या बाबतीत ही रीत चालून जाते. एक्स-रे निघतो, ऑपरेशन करायचं की गोळ्यांवर भागवायचं ते ठरतं, आणि डॉक्टर पुन्हा सहा महिने भेटला नाही तरी फारसं बिघडत नाही. मुलाचं वाचन, त्याचं बोलणं, त्याचा चिडखोरपणा, त्याचं वर्गात खिडकीबाहेर बघत बसणं यातलं काहीच एका दिवसात उलगडत नाही. तरी आपण त्यासाठीही एका दिवसाचीच सोय बघतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. लहान मुलाच्या बाबतीत तज्ज्ञ निवडताना तो किती मोठा यापेक्षा तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे का, हे आधी बघावं. आणि चाचणी करून घेताना ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, हे चाचणीच्या आधी ठरवावं. दोन्ही तालुक्यांत सध्या नेमकं उलटं चालतं.

याला केवळ सोयींचा अभाव कारणीभूत आहे असं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कोणी मोठ्यानं बोलत नाही. बारामतीसारख्या गावात प्रत्येकाची गाडी प्रत्येकाला माहीत असते. भिगवण रोडवर मानसोपचाराची पाटी असलेल्या दारासमोर गाडी उभी दिसली, की संध्याकाळपर्यंत पाहुण्यांत विचारणा सुरू होते. मुलगी असेल तर आणखी पंचाईत. ती दुसरीत असते आणि आजी तिच्या स्थळाची काळजी करत असते. मोठी बहीण असेल तर तिचंही जमायचं असतं. म्हणून लांबचं शहर बरं वाटतं, तिथं कोणी ओळखत नाही. या भीतीला हसण्यात अर्थ नाही, कारण ती पोकळ नाही. पण तिची किंमत मूल मोजतं. जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथल्या तज्ज्ञालाही मुलाची शाळा, त्याच्या बाई, त्याची बोली, त्याच्या घराचा दिनक्रम यातलं काहीच ठाऊक नसतं. आणि एकदा गेल्यावर पुन्हा जाणं होत नाही. ऊस तोडणीला आलेला असतो, नाहीतर पाण्याची पाळी असते, नाहीतर गाडीभाडं परवडत नाही.

फाईलमध्ये काय असतं ते जरा जवळून बघू. तीन-चार टाइप केलेली पानं, इंग्रजीत. वर मुलाचं नाव, वय वर्षं आणि महिन्यांत, इयत्ता. खाली चाचण्यांची नावं, तीही आद्याक्षरांत. मग एक तक्ता, त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत आकडा, समजा ७६. आकड्यापुढं एक इंग्रजी शब्द, ज्याचा अर्थ ‘सीमारेषेवर’. शेवटी ‘रेमेडियल’ शिकवणीचा सल्ला, तीन महिन्यांनी परत येण्याची सूचना, सही आणि शिक्का. ही फाईल घरी सातबाऱ्याच्या आणि सोसायटीच्या कागदांशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. एक झेरॉक्स मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. वर्गशिक्षिकेपर्यंत ती पोचत नाही, आणि पोचली तरी ‘रेमेडियल’ म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं ते त्यात लिहिलेलं नसतं. जिनं रोज संध्याकाळी मुलाला घेऊन बसायचं ती आई फाईल उलटीसुलटी करून शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला विचारते, “म्हणजे आमचं बाळ मंद आहे का गं?” शेजारची मुलगी मोबाइलवर शोधते. मोबाइल जे सांगेल ते त्या मुलाचं निदान ठरतं.

मराठी घराला इंग्रजी अहवाल देणं ही मला या सगळ्यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज दुरुस्त होणारी चूक वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क देतो. बौद्धिक अक्षमता त्या कायद्याच्या व्याख्येत मानसिक आजार म्हणून धरलेली नाही, त्यामुळं इथं कलम नेमकं लागू होतं की नाही यावर वकील वाद घालू शकतील. पालकांनी मात्र वाद न घालता सांगावं: आम्हाला एक पान मराठीत लिहून द्या. इंग्रजी अहवाल कार्यालयासाठी राहू दे. मराठीत पान लिहिताना तज्ज्ञाचाही कस लागतो. आद्याक्षरांच्या आड लपता येत नाही, मुलाला काय येतं, काय येत नाही आणि कोणी काय करायचं ते सांगावंच लागतं. जो तज्ज्ञ एवढंही करायला नकार देतो, त्याच्याकडं दुसऱ्यांदा जायचं की नाही याचं उत्तर तिथंच मिळालं.

चाचण्यांचा इतिहास इथं थोडा सांगितला पाहिजे, कारण आज आकड्याला जे देवपण आलं आहे ते ज्यानं चाचणी बनवली त्याला अभिप्रेत नव्हतं. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झाल्यावर वर्गात मागं पडणाऱ्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न आला. १९०४ साली सरकारनं आयोग नेमला आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओडोर सिमोन यांनी आपली पहिली श्रेणी तयार केली. हेतू स्पष्ट होता: कोणत्या मुलाला जादा मदत लागेल ते शोधायचं. माणसाची बुद्धी एकदाच ठरते आणि वाढत नाही या मताला बिनेनं पुढं कडाडून विरोधही केला. पण तो १९११ साली वारला, चाचणी अमेरिकेत गेली, १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या टर्मननी तिची नवी आवृत्ती काढली, आणि मदत शोधण्याचं साधन बघता बघता माणसांची प्रतवारी लावण्याचं साधन झालं.

आपल्याकडं ती आली ती धारवाड-मुंबईच्या वाटेनं. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी स्टॅनफर्ड-बिनेचं रूपांतर केलं, आणि १९४० साली त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. भारतीय भाषेत मुलांची बुद्धी मोजण्याच्या पहिल्या गंभीर प्रयत्नांत मराठी मूल होतं, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. नंतर नागपुरात काम करणाऱ्या ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरच्या चाचणीवरून १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठीची श्रेणी बांधली. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड श्रेणीचं भारतीय रूपांतरही त्यांचंच. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शोधासाठी, म्हणजे त्याच साधनाचं दुसरं टोक. आजही अपंगत्वाच्या दाखल्यासाठी होणाऱ्या बुद्धिमापनात कामत आणि मालिन ही दोन नावं भेटतात. या माणसांविषयी मला आदर आहे. पण कामतांनी मोजलेली मुलं आज हयात असली तर नव्वदीच्या पुढची असतील. त्यांच्या काळच्या मापाशेजारी आजचं इंदापूरचं मूल उभं करायचं आणि दोन-चार गुणांच्या फरकावरून त्याचं वर्ष ठरवायचं, हे शास्त्रालाही मान्य नाही. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं, की अनेक देशांत चाचणीतले गुण दशकाला साधारण तीन या वेगानं वाढत गेले. म्हणजे माप जुनं असेल तर आजच्या मुलाचा आकडा फुगून येतो, आणि ज्याला मदत मिळायला हवी तो पात्रतेच्या रेषेबाहेर जातो. उलट ज्या मुलानं कधी कोडं, ठोकळे, चित्रांची पुस्तकं पाहिलेली नाहीत त्याचा आकडा खाली घसरतो. या दोन चुका एकमेकींना खाऊन बरोबर उत्तर देतील, अशी आशा करण्यात अर्थ नाही.

आकड्याचा दुसरा घोळ साधा गणिताचा आहे. कोणतीही बुद्धीची चाचणी नेमका आकडा देत नाही, पट्टा देते. ६८ आले याचा अर्थ खरा गुण साधारण ६२ ते ७४ यांच्या दरम्यान कुठंतरी आहे. मूल त्या दिवशी पहाटे चारला उठून, गाडीत उलटी करून, दोन तास बाकावर बसून चाचणीला गेलं असेल तर तो पट्टाही भरवशाचा नाही. पण सरकारी रेषा ७० वर आहे. रेषेखाली गेलं तर दाखला, वर राहिलं तर काही नाही. ७१ ते ८४ मधली मुलं सगळ्यांत अडचणीत येतात. त्यांना अपंगत्वाची ४० टक्क्यांची पात्रता गाठता येत नाही, वर्गाचा वेगही झेपत नाही. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुलं असतात. कोणत्याही योजनेत त्यांचं नाव नसतं. बाई त्यांना मागच्या बाकावर शांत बसवतात आणि दरवर्षी वरच्या वर्गात ढकलतात. यांच्यासाठी पुण्याची फाईल करून काय साधतं? दाखला मिळणारच नसेल, तर अहवालातून निदान शिकवण्याची रीत तरी मिळायला हवी.

या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा नमुना द्यायचा तर तो रानात पाच-सहा ठिकाणी खड्डे घेतो, बांधाकडची, झाडाखालची, शेणखत पडलेल्या जागेची माती टाळतो, सगळं मिसळून मग किलो-अर्धा किलो पिशवीत भरतो. अहवाल हातात आल्यावर सामू किती हे तो वाचतो, पण त्याचा खरा प्रश्न पुढचा असतो: उसाला आता काय टाकू आणि किती? खताची मात्रा न सांगणारा अहवाल त्यानं कधीच घेतला नसता. पोराच्या बाबतीत मात्र एकाच जागेची, एकाच दिवशीची माती देऊन तो नुसता सामू घेऊन घरी येतो.

मग चांगली तपासणी कशी असते? ती ठोकळ्यांनी सुरू होत नाही, बोलण्यानं होते. मूल जन्मल्यावर लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का, मान कधी धरली, चाललं कधी, पहिला शब्द कोणता, ताप येऊन झटका आला होता का. इथं आपल्याकडची एक गंमत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळं याची निम्मी उत्तरं मुलाच्या आजोळी असतात, आणि पुण्याला जाताना गाडीत असतात वडील, चुलते आणि ज्यांच्या ओळखीनं नंबर लागला ते गावातले कोणीतरी. आईची आई कधीच नसते. तिला न्यावं, निदान फोनवर तयार ठेवावं, आणि जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढावं. मुलाच्या वह्या न्याव्यात, नुसतं प्रगतिपुस्तक नको. वहीत दिसतं की मूल फळ्यावरचं उतरवतं पण ऐकून लिहू शकत नाही, की पहिल्या चार ओळी नीट आणि पुढं अक्षर पांगलेलं. वर्गशिक्षिकेनं लिहिलेलं अर्धं पान या सगळ्यापेक्षा मोलाचं. आणि त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. सर्दीनं कानात पाणी साठून कमी ऐकू येणारं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून महिनोन्‌महिने मार खातं. काही सेकंद टक लावून बघत राहणारं मूल स्वप्नाळू असेलच असं नाही, तो फिट येण्याचा एक प्रकारही असू शकतो, आणि त्यावर औषध आहे. हे सगळं बघून झाल्यावर चाचणी, तीही शक्यतो दोन बैठकांत. लाल-पांढरे ठोकळे, चित्रं, आकडे उलटे म्हणणं. चाचणीतले प्रश्न मी इथं मुद्दाम देत नाही. ते आधी पाठ करून घेणारे क्लास निघायला वेळ लागत नाही.

आता भाषेकडं येऊ, कारण या दोन तालुक्यांत खरा गुंता तिथं आहे. उसाच्या आणि दुधाच्या पैशानं गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बस पोचल्या आहेत. निमगाव केतकी, लासुर्णे, पणदरे, सुपे, कुठंही सकाळी उभं राहून बघा. घरात इंग्रजी नाही, शेजारी नाही, शिकवणाऱ्या बाईंचीही बेताची. तिसरीत मूल इंग्रजी वाचताना अडखळतं आणि कोणीतरी सुचवतं, अध्ययन अक्षमता असेल, दाखवून घ्या. असेलही. पण आधी त्याला मराठी वाचायला देऊन पाहिलं का? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये डिस्लेक्सिया ओळखण्याची जी साधनं आणली त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. ती साधनं चारही भाषांत वेगळी बनवावी लागली, कारण प्रत्येक लिपीत अडखळण्याची जागा वेगळी असते. देवनागरीत जोडाक्षर आणि मात्रा, इंग्रजीत लेखन आणि उच्चाराचं न जुळणं. दोन्ही भाषांत मूल सारखंच अडत असेल तर शंका घट्ट होते. फक्त इंग्रजीत अडत असेल तर तपासणीची गरज बहुधा शाळेला आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न याहून कडू आहे. दिवाळी झाली की बीड-नगरकडून टोळ्या येतात, कारखान्यांच्या आवारात आणि फडांच्या कडेला कोप्या पडतात, आणि उन्हाळ्यापर्यंत मुलांची शाळा सुटते किंवा बदलते. ज्या मुलाला शिकायला सलग वर्षच मिळालेलं नाही, त्याला अध्ययन अक्षमतेचं निदान लावताच येत नाही. पुरेसं शिकवूनही न येणं ही त्या निदानाची पहिली अट आहे. तरी असं मूल चाचणीला बसलं तर आकडा खाली येणार, आणि आकडा खाली आला की ‘मुळातच कमी’ असा शेरा बसणार. पारधी वस्तीवरच्या, घरात वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांचंही तेच. कॅलिफोर्नियात १९७९ साली ‘लॅरी पी.’ खटल्यात न्यायालयानं कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्यासाठी बुद्धिचाचणी वापरण्यावर बंदी घातली, ती याच कारणानं. चाचणी ज्यांना समोर ठेवून बेतली, ती मुलं आणि ज्यांच्यावर वापरली ती मुलं निराळी होती. आपल्याकडं असा खटला झालेला मला आठवत नाही. आपल्या बाजूनं कोर्टात जाईल असं कोणी इथल्या मुलांना भेटत नाही.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग चाचण्या नकोतच, उगीच पोरांवर शिक्के मारू नका. हे मत सुशिक्षित घरांत आणि चांगल्या शिक्षकांतही आहे. मला ते पटत नाही. चाचणी झाली नाही म्हणून मूल शिक्क्यातून सुटत नाही. ‘ढ’, ‘आळशी’, ‘नुसता उंडारतो’ हे शिक्के वर्गात आणि भावकीत फुकट मारले जातात, आणि त्यांची फेरतपासणी कधीच होत नाही. महाराष्ट्रानं १९९६ पासून अध्ययन अक्षमतेच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडं काणाडोळा, एखादी भाषा सोडण्याची किंवा गणिताला पर्याय घेण्याची मुभा. देशात या बाबतीत आपण पुढं होतो, आणि मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यासाठी जे काम केलं त्याची आठवण ठेवली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश केला. या सवलती चाचणीशिवाय मिळत नाहीत, आणि त्यांच्या जोरावर दहावी पार करून पुढं गेलेली मुलं आहेत. चाचणी नाकारणं ही चैन ज्यांच्या मुलांना दाखला लागणार नाही त्यांनाच परवडते.

फक्त तालुक्यात या सवलतींची आठवण नववीच्या मे महिन्यात होते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षापासून देण्याची आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद केली होती. म्हणजे तिसरीतच शोध सुरू व्हावा असं सरकारलाही वाटतं. तिसरीत कळलं तर शिकवण्याची पद्धत बदलून बरंच काही साधतं, नववीत कळलं तर हाती जादा वेळ आणि लेखनिक एवढंच उरतं. मधल्या सहा वर्षांत आपण काय करतो? शिकवण्या लावतो, शिकवण्या बदलतो आणि नवस बोलतो.

आणि बोटांचे ठसे देतो. काही जण हॉल भाड्यानं घेऊन दहाही बोटांचे ठसे स्कॅन करतात आणि जाड चकचकीत पुस्तिकेत मुलाची ‘जन्मजात बुद्धिमत्ता’, योग्य करिअर, एवढंच काय योग्य शिकवणीसुद्धा छापून देतात. ठसे गर्भात घडतात हे खरं आहे. त्यावरून मूल वकील होईल की इंजिनिअर हे कळतं याला काडीचा आधार नाही, आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं तसं जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरी पालक तिथं रांग लावतात याचं कारण मला समजतं. त्या पुस्तिकेत वाईट काही लिहिलेलं नसतं आणि कोणी ओळखीचं भेटलं तर लपवावं लागत नाही. उलट दाखवता येतं. राज्य मंडळानंही २०१६ मध्ये दहावीच्या लाखो मुलांची कल चाचणी सुरू केली होती. हेतू चांगला, पण निकालाचा कागद हातात आल्यावर त्यावर मुलाशी बसून अर्धा तास बोलायला शाळेत माणूसच नव्हता. चाचणी लाखांच्या संख्येनं करता येते, बोलणं एकेकाशीच करावं लागतं.

तज्ज्ञ ओळखण्याचा कोरडा भाग उरकून घेऊ. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर, त्याची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडं असते आणि या मंडळींत औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं लागते. नंबर मागावा, परिषदेच्या नोंदवहीत तो पडताळता येतो. १९९२ च्या कायद्यानं विनानोंदणी काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हा दंड बहुधा एका चाचणीच्या फीइतकाही भरत नाही, तेव्हा त्याचा धाक किती ते वेगळं सांगायला नको. समुपदेशक या नावाखाली तर अगदी परवापर्यंत कोणीही पाटी लावू शकत होतं. २०२१ च्या कायद्यानं त्यांनाही नोंदणीच्या चौकटीत आणायचं ठरवलं आहे, प्रत्यक्ष घडी बसायला वेळ लागतो आहे. माझं मत असं, की चाचणी आणि निदान यांसाठी नोंदणीची अट सोडू नये. पण मुलाशी दर आठवड्याला बोलणारं, त्याच्याकडून वाचून घेणारं माणूस बिगरनोंदणीचं असलं, फक्त एम.ए. झालेली गावातली मुलगी असली, आणि ती मोठ्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानं चालत असली, तरी ती मला चालेल. ‘शंभर टक्के फरक’, ‘सात दिवसांत एकाग्रता’ अशी पाटी असेल तर नोंदणी असली तरी दूरच राहावं.

जवळ कोणी नाहीच, हे उत्तर दहा वर्षांपूर्वी खरं होतं. २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग आणि बालरोग विभाग ओघानं आलेच. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. विकासातला विलंब शोधणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे. पथक येणार त्या दिवशी पालकांनी मुलाला हटकून शाळेत पाठवावं आणि स्वतःही जावं. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांचं नाव गावात बहुतेकांना माहीत नसतं. घरी बसून रात्री-अपरात्री बोलायचं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथं चाचणी होत नाही, पण कुठं जायचं हे विचारता येतं आणि तिथं कोणाची गाडी ओळखली जात नाही. पुण्याला जाऊच नये असं मी म्हणत नाही. गुंतागुंतीची केस असेल तर जावंच लागेल. फक्त तिथल्या तज्ज्ञाला निघतानाच विचारावं, की आमच्या गावाजवळ तुम्ही कोणाशी बोलून हे पुढं चालवाल. यावर जो नाव सांगतो, फोन करतो, तो खरा कामाचा.

राहिला हे सगळं इथंच, गावाजवळ नियमितपणे करायचा खर्च. नोंदणी असलेला एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, दोन विशेष शिक्षक, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी इंदापूर आणि भिगवणला जाणारी एक गाडी, एवढ्यानं सुरुवात होऊ शकते. वैद्यकीय महाविद्यालयानं जागा आणि देखरेख द्यावी. पैशासाठी मी मुंबईकडं बघणार नाही. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा एवढे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत आहेत, आणि ऊस बिलातून या ना त्या निधीसाठी टनामागं कपात होणं सभासदांच्या अंगवळणी पडलेलं आहे. या वर्षीच्या वार्षिक सभेत सभासदांनी आणखी एक रुपया कापून घ्यायचा ठराव मांडावा, आणि त्यातून तपासली जाणारी पहिली मुलं आपल्याच फडात ऊस तोडणाऱ्यांची असतील हेही त्याच ठरावात लिहून घ्यावं. दुसऱ्या अटीला विरोध होईल. तेव्हा निदान कोण कोण उठून विरोध करतं, ते इतिवृत्तात नोंदवून ठेवावं.